नेमाण्णाची नडगी

नेमिनाथ मगदूमच्या उजव्या नडगीवरची जखम काही केल्या भरत नव्हती. बेडगमध्ये त्याला सगळे नेमाण्णा म्हणतात. वय अठ्ठावन्न, दीड एकर द्राक्षबाग, एक म्हैस, एक मुलगा, आर्जव, पुण्याला कंपनीत, आणि बायको चंदनबाला, जिला अख्खं गाव चंदनाक्का म्हणतं. माणसाला व्यसन नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शन झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. आता अशा माणसाची जखम भरायची नाही तर मग कुणाची भरायची? पण नाही भरली.

झालं होतं एवढंच, की ऑक्टोबरच्या छाटणीत बागेच्या मांडवाची एक जुनी तार तुटून खाली लोंबत होती. नेमाण्णा वर बघत चालला होता. तारेचं टोक नडगीत घुसलं आणि बोटभर लांब फाडून गेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, टाके पडले, टाके उसवले, पू झाला, पू गेला, आणि त्यानंतर जखम जी उघडी राहिली ती राहिलीच. दिवाळी होऊन गेली, छाटलेल्या काड्या फुटल्या, घड निघाले, फुलोरा झाला, मणी धरले. बागेत सगळं वेळेवर चाललं होतं. मागं राहिली होती ती नडगी.

मिरजेला डॉक्टर जयराज यांच्याकडं त्याची दर आठवड्याची वारी लागली. तिथं सोनम नावाची सिस्टर होती. ती जखमेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरायची आणि स्केचपेननं जखमेची कड गिरवायची. दर आठवड्याला एक तुकडा. नेमाण्णाच्या फायलीत असे सहा तुकडे साठले होते, आणि एकावर एक ठेवले तर एकच तुकडा आहे असं वाटायचं. साखर तपासली, बरोबर. पायाचा रक्तपुरवठा बघितला, बरोबर. हाडाचा फोटो काढला, बरोबर. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मलम बदललं, पट्टी बदलली. शेवटी एक दिवस त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

नेमाण्णा म्हणाला, "घरी एकदम शांतता हाय."

हे तो खोटं बोलला नव्हता. घरी इतकी शांतता होती, की परसातली म्हैस रवंथ करताना स्वयंपाकघरात ऐकू यायची. ही शांतता कुठून आली ते सांगायचं तर वर्षभर मागं जावं लागेल.

द्राक्षाच्या मण्यांना फुगवण यावी म्हणून बागायतदार घड जी.ए.च्या पाण्यात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात. जी.ए. म्हणजे झाडाचं हार्मोन, हे तिकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पांढरी पावडर असते, बारक्या डबीत मिळते. आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग बॅरलभर पाण्यात ओतायची. कमी पडली तर मणी बारीक राहतात. जास्त झाली तर देठ लाकूड होतो, घड वेडेवाकडे होतात आणि मणी हात लावला की गळतात. म्हणून हे काम चंदनाक्काकडं असायचं. दहावीला गणितात ती केंद्रात पहिली आली होती. पुढं शिकायचं सोडून मगदुमांच्या घरात आली, आणि तीस वर्षं बागेतल्या सगळ्या औषधांचा हिशेब तिच्या डोक्यात होता. एका बॅरलला एक डबी. कधी चूक नाही.

गेल्या साली मात्र डिपिंगच्या दिवशी सकाळी नेमाण्णाला घाई झाली होती. आटपाडीकडनं हरणाबाई आपली बायकांची टोळी घेऊन आली होती, टेम्पोतून बायका उतरत होत्या. तेवढाच वेळ वाचेल म्हणून यानं स्वतःच एक डबी कालवून बॅरलमध्ये ओतली, रिकामी डबी जाकिटाच्या खिशात टाकली आणि दर्शनाला गेला. बस्तीत कुणीतरी पाइपलाइनचा विषय काढला. पाइपलाइनचा विषय निघाल्यावर माणूस डबीचं काय लक्षात ठेवणार! इकडं चंदनाक्का आली आणि तिनं नेहमीप्रमाणं एक डबी कालवून ओतली. हरणाबाईच्या बायकांनी त्या बॅरलवर पाऊण एकरातले घड एकेक करून मगात बुडवले.

आठवड्यानं पाऊण एकर लाकूड झालं. परदेशी जाणारा माल तो, बघायला आलेल्या माणसानं गाडीतून उतरायचे कष्ट घेतले नाहीत. त्या दिवशी हरणाबाईच्या बायका उरलेल्या बागेत विरळणी करत होत्या. नेमाण्णा बांधावर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हिला आकडाच कळत न्हाई. हिच्या हातात बाग दिली हीच माझी चूक."

चंदनाक्कानं हातातली कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी, पायी विहार करत आलेल्या एका साध्वी माताजी गावात मुक्कामाला होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं नेम मागितला. जेवताना मौन, आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मौन, एक वर्ष. माताजींना आनंद झाला. आजकाल असा कडक नेम कोण घेतं? त्यांनी आशीर्वाद दिला. गावानं कौतुक केलं. महिला मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि नेमाण्णाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या.

आता बघा. नेमाण्णा सकाळी उजाडता बागेत जायचा, दुपारी जेवायला घरी यायचा, संध्याकाळी दिवस मावळता मावळता जेवायचा आणि झोपायचा. म्हणजे तो घरात असायचा त्या सगळ्या वेळात एकतर जेवण चालू असायचं नाहीतर सूर्य मावळलेला असायचा. तीस वर्षं दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्याच वेळेत व्हायचं. बाईनं अगदी मोजून तेवढाच वेळ घेतला होता. गणितात पहिली आलेली होती ती. आणि तक्रार करायची सोय नव्हती. बायको बोलत नाही म्हणून माणूस चारचौघांत ओरडू शकतो, पण बायको व्रत करते म्हणून कुणाकडं ओरडणार?

उरलेल्या वेळात ती बोलायची, नाही असं नाही. लाईट आली. पाणी सुटलंय. आर्जवचा फोन हुता. एवढंच.

नेम सुरू होऊन दहा दिवस झाले असतील, नेमाण्णानं जाकिटाच्या खिशात हात घातला. खिसा तळाला फाटलेला होता. बोटं भोकातनं आत अस्तरात गेली आणि तिथं त्यांना डबी लागली. रिकामी. तो तिथंच पायरीवर बसला. पाइपलाइनचा विषय, टेम्पोतून उतरणाऱ्या बायका, स्पिरिटचा वास, सगळं त्याला एकदम आठवलं. मग त्यानं डबी होती तिथं अस्तरात परत ढकलली, जाकीट खुंटीला टांगलं आणि त्यानंतर ते अंगात घातलं नाही. गारठा पडला तरी मफलरवर भागवलं. सांगणार होता तो. पण जेवताना सांगावं तर तिचं मौन, रात्री सांगावं तर मौन, आणि मौनातल्या माणसाला बोलायला लावणं हे पाप, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दिवसा का सांगितलं नाही, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं, म्हणून तो प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

मग भाद्रपदात पर्युषण आलं, आणि ते संपल्यावर क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाची वर्षभराच्या चुकांबद्दल क्षमा मागायची. नेमाण्णानं हात जोडलेलं एक चित्र शोधलं, खाली 'उत्तम क्षमा' लिहिलेलं, आणि दोनशे बारा जणांना मोबाईलवर पाठवलं. त्यात खताचा दुकानदार होता, मुलाची सासू होती, एक चुकून जोडलेला विमा एजंट होता आणि चंदनाक्का होती. दहा मिनिटांत तिचा उलट निरोप आला, तसंच हात जोडलेलं चित्र. नेमाण्णानं सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या मते विषय मिटला होता. एका महिन्यानं तार नडगीत घुसली.

तर घरी शांतता आहे म्हटल्यावर डॉक्टर जयराज यांनी त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग समजावून सांगितलं. माणसाच्या मनात राग, भीती, घुसमट अशी काही गोष्ट दिवसचे दिवस राहिली, की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढलेलं राहतं. ते थोडं असावं लागतं, पण सतत जास्त राहिलं की जखमेची दुरुस्ती रेंगाळते. परदेशात काही नवरा-बायकोंच्या हातावर बारीक फोड करून बघितले होते. जी जोडपी एकमेकांशी आकसानं वागत होती त्यांचे फोड भरायला जास्त दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, की तुमच्या पायाचं कारण हेच आहे असं मी छातीठोक सांगत नाही. पण बाकी सगळं तपासून झालंय.

नेमाण्णाला ही गोष्ट डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर कळली. हार्मोन जास्त झालं की देठ लाकूड होतो, हे त्याला नवीन नव्हतं. त्यानं फक्त उतारा विचारला. डॉक्टर म्हणाले, की याच्या उलट बाजूचंही एक हार्मोन आहे, माणसं माया करतात, जवळ बसतात, हातात हात घेतात तेव्हा अंगात तयार होतं. त्यानं मन निवतं, कदाचित जखमेलाही मदत होते. त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात.

हे नाव नेमाण्णाला माहीत होतं. म्हैस पान्हवत नसली की काही गवळी चोरून टोचायचे ते इंजेक्शन. मगदुमांच्या गोठ्यात असलं पाप कधी झालं नव्हतं. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की डॉक्टर, ते म्हशीचं हाय, आन् त्याला आता बंदी हाय. सोनम सिस्टर पट्ट्या आणायला म्हणून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. डॉक्टरांनी चेहरा सरळ ठेवून सांगितलं, की हो, तेच, पण इथं टोचायचं नाही, बायकोचा हात धरून बसायचं. नेमाण्णाला बरं वाटलं. त्यानं विचारलं, किती वेळ. डॉक्टर सहज म्हणाले, रोज पंधरा-वीस मिनिटं बसा की.

चूक तिथं झाली. बागायतदाराला डोस सांगितला की तो डोस देतो.

दुसऱ्या दिवशी दर्शनाहून आल्यावर नेमाण्णा लंगडत ओसरीवर गेला. चंदनाक्का सुपात तांदूळ निवडत होती. तो तिच्याशेजारी बसला, म्हणाला डॉक्टरनं हात धरायला सांगितलंय, आणि मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावला. चंदनाक्कानं त्याच्याकडं बघितलं. मग बांगड्या भरायला कासाराकडं देतात तसा डावा हात पुढं केला आणि उजव्या हातानं तांदूळ निवडत राहिली. वीस मिनिटं. गजर वाजला, तिनं हात काढून घेतला आणि सूप पाखडलं. नेमाण्णानं फवारणीच्या वहीत तारीख, वेळ आणि हवामान लिहिलं. हवामान ढगाळ होतं.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी सोनम सिस्टरनं कड गिरवली. फरक पडला होता एका केसाचा, आणि तोही कदाचित स्केचपेन नवीन असल्यामुळं. नेमाण्णानं वही दाखवून तक्रार केली, की डोस पूर्ण दिलाय, एकदाही खाडा नाही, तरी रिझल्ट नाही. डॉक्टरांनी वही वाचली. हात धरल्यावर काय बोलता, त्यांनी विचारलं.

"काय बोलायचं? टायमर लावतो."

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली. आता यापुढं थांबण्यात अर्थ नाही, ते म्हणाले. खालचं हाड जवळ आहे, तिथं जंतू गेले तर पाय वाचवणं अवघड होईल. सोमवारी भरती व्हायचं, मांडीची कातडी काढून नडगीवर लावायची आणि महिनाभर पाय वर टांगून झोपायचं. आणि ती कातडी धरेलच याची खात्री नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

एसटीत बसून घरी येताना नेमाण्णाला भीती वाटली. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा वाटली होती तशी. त्यानं लंगडत चालणारी म्हातारी माणसं बघितली होती, एका पायाची बघितली होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर आली ती कॉट. महिनाभर त्या कॉटवर पडून राहायचं, चंदना ताट आणून ठेवणार, आणि आपण गप जेवणार. ते चित्र त्याला सहन होईना.

शनिवारी डिपिंग होतं. हरणाबाईची टोळी सकाळी सातलाच हजर झाली. मणी ज्वारीएवढे झालेले, एक दिवस पुढं ढकलायची सोय नाही. बॅरल भरून ठेवलेला, शेजारी स्पिरिटची बाटली, नवी कोरी डबी. नेमाण्णाला बॅरलजवळ खुर्ची टाकून दिली होती, पाय क्रेटवर. बायका हातात मग घेऊन उभ्या होत्या. चंदनाक्का पदर खोचून एका बाजूला उभी होती, मगांना दोऱ्या बांधून देत.

नेमाण्णा म्हणाला, चंदना, कालव की.

चंदनाक्का दोरीची गाठ मारत म्हणाली, "मला आकडा कळत न्हाई. दुसऱ्या कुणालातरी सांगा."

आवाज चढला नव्हता. लाईट आली म्हणून सांगायची त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. बायकांनी आपापल्या मगात बघितलं. सगळ्या त्याच होत्या, गेल्या सालच्या.

नेमाण्णानं स्वतःच डबी उचलली. झाकण घट्ट होतं, जोर लावला तसं ते उसळून निघालं आणि थोडी पावडर लुंगीवर सांडली. आता डबीत नेमकी किती राहिली? एवढ्याशा कणांवर पाऊण एकर बाग उभी. तो डबीत बघत बसला. हरणाबाईला हे बघवेना. ती म्हणाली, "आण्णा, दरसाली अक्काच कालवती की. तुमी कशापायी हात घालताय?"

या बाईनं काही मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण नेमाण्णाला एकाएकी कळलं, की हीच वेळ आहे. ही वेळ गेली की सोमवारी कॉट. त्यानं डबी खाली ठेवली.

"हरणाबाई, गेल्या साली अक्काची चूक न्हवती," तो म्हणाला. "पयली डबी मीच टाकली हुती. दर्शनाला जायच्या आधी. आन् इसरलो. हिनं आपली रीतसर एकच टाकली. मला आठ-दहा दिवसांत कळलं हुतं. मी बोललो न्हाई. पाऊण एकर माझ्या हातानं गेला आन् मी तुमच्या म्होरं हिला बोल लावला."

एका बाईच्या हातातून मग निसटला आणि तिनं तो पायानं अडवला. नेमाण्णानं चंदनाक्काकडं बघितलं नाही, बघायचं धाडस नव्हतं. त्यानं हरणाबाईला ओसरीवरच्या खुंटीचं जाकीट आणायला सांगितलं. पुरावा दाखवायचा होता त्याला. आता एवढं बोललोच आहे तर अर्धवट कशाला, असं त्याला वाटलं असावं.

जाकीट आलं. धूळ खात पडलेलं असणार या समजुतीनं त्यानं ते झटकलं, पण धूळ निघाली नाही. जाकीट धुतलेलं होतं. त्यानं खिशात हात घातला आणि बोटानं तळाचं भोक शोधलं. भोक नव्हतं. खिशाचा तळ दुहेरी दोऱ्यानं घट्ट शिवलेला होता, जाकिटाच्याच रंगाचा दोरा, एकसारखे बारीक टाके. आणि शिवलेल्या खिशात, अस्तरात नव्हे, खिशातच, ती रिकामी डबी होती.

नेमाण्णानं डबी बाहेर काढली. मग खिसा उलटा करून टाके बघितले. मग वर बघितलं.

"कवा शिवलास?"

"माघात," चंदनाक्का म्हणाली. "धुवायला काढलं तवा. खाली पडून हरवली असती."

माघ म्हणजे दहा महिने झाले. दहा महिने ती त्या खुंटीखालून झाडू मारत होती. क्षमावाणीला हात जोडलेलं चित्र आलं तेव्हा तिला माहीत होतं. ओसरीवर आठ दिवस डावा हात देऊन बसली तेव्हा माहीत होतं.

"टाकून का न्हाई दिलीस गं?"

"माझी न्हवती. तुमची हुती, तुमीच काढायला पायजे हुती." एवढं म्हणून ती थांबली, आणि मग तिचा आवाज फाटला. "मी वाट बघत हुते हो. रोज वाटायचं आज काढतील."

नेमाण्णाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "चुकलं माझं, चंदना. मला क्षमा कर." या वेळी चित्र नव्हतं आणि दोनशे बारा माणसंही नव्हती, नऊ बायका होत्या आणि त्यातल्या चौघी पदरानं डोळे पुसत होत्या. हरणाबाई तेवढी कोरडी होती. ती म्हणाली, ऊन चढाय लागलंय, मणी करपायच्या आत कायतरी करा.

चंदनाक्कानं नाक पुसलं, हात धुतले आणि सांडलेली डबी बाजूला सारून नवी डबी मागवली. कालवली, ओतली, काठीनं ढवळलं. रिकामी डबी तिनं बॅरलच्या फळीवर सगळ्यांना दिसेल अशी उभी करून ठेवली, आणि तिच्याशेजारी गेल्या सालची. तेव्हापासून त्यांच्या बागेत तशीच रीत आहे. रिकामी डबी खिशात जात नाही.

दुपारी बायका बांधावर जेवायला बसल्या. नवरा-बायको घरी गेले. जेवण मौनात झालं, नेम तो नेम. पण हात धुतले आणि चंदनाक्का बोलायला लागली. वर्षभराचं साठलेलं होतं. आकड्यावरून सुरुवात झाली, तिथून दहावीच्या मार्कांवर, तिथून सासूबाईंनी पुस्तकं रद्दीत घातली त्यावर, तिथून तीस वर्षांतल्या एकेका हंगामावर. नेमाण्णा खाटेवर पाय उशीवर टाकून ऐकत होता. मधे त्यानं दोनदा बरोबर हाय म्हटलं आणि एकदा उगीच वाद घालून बघितला, तो त्याला महागात पडला. मधे संध्याकाळचं जेवण तेवढं मौनात झालं, आणि दिवस मावळला तेव्हा ती सत्त्याण्णव सालच्या गारपिटीपर्यंत आली होती. "त्या वेळी तुमी मला म्हणाला हुता की..." आणि सूर्य गेला. ती वाक्याच्या मधेच थांबली, उठली आणि दिवा लावायला गेली.

रात्रभर नेमाण्णाला गाढ झोप लागली. सकाळी सूर्य उगवला, चंदनाक्का दूध घेऊन आत आली आणि म्हणाली, "...की ताडपत्री झाकायची अक्कल बाईमाणसाला न्हाई." आणि तिथून पुढं.

रविवारही त्यातच गेला. बोलता बोलता तिनं त्याचा हात धरला होता. टायमर लावायचं कुणाला सुचलं नाही.

सोमवारी तो पिशवी भरूनच मिरजेला गेला, चंदनाक्का बरोबर होती. सोनम सिस्टरनं पट्टी काढली आणि डॉक्टरांना हाक मारली. जखम काही दोन दिवसांत भरत नसते, आणि भरलीही नव्हती. पण तळाचा राखाडी थर जाऊन तिथं लाल दाणे दिसत होते, आणि कड एका बाजूनं गुलाबी झाली होती. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. मग म्हणाले, आठवडाभर थांबू. काय वेगळं केलं, त्यांनी विचारलं. नेमाण्णा म्हणाला, दोन दिवस पाय उशीवर ठेवून ऐकत हुतो. डॉक्टर म्हणाले, पाय वर ठेवल्याचा फायदा झाला असणार. चंदनाक्का म्हणाली, तसंच असंल.

पुढच्या सोमवारी प्लास्टिकचा तुकडा निम्म्यावर आला. त्याच्या पुढच्या सोमवारी नखाएवढा. मांडीची कातडी मांडीवरच राहिली. सोनम सिस्टरनं सगळे तुकडे एकावर एक ठेवून नेमाण्णाला दाखवले, आणि तो बराच वेळ ते बघत राहिला. हार्मोननं झालं, गोळीनं झालं का उशीनं, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. नेमाण्णानं फवारणीच्या वहीत कारणाच्या जागी 'बोललो' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली.

पौषात चंदनाक्काचा नेम पूर्ण झाला. महिला मंडळ पुन्हा सत्काराचं म्हणत होतं, तिनं नको सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी दोघं जेवायला बसले. ऊन अजून परसात होतं. भाकरी, मटकीची उसळ, ताक. नेमाण्णानं पहिला घास घेतला. चंदनाक्कानं त्याच्याकडं बघितलं आणि जेवताना, वर्षात पहिल्यांदा, बोलली.

"मीठ बरोबर हाय का?"

मीठ कमी होतं. तीस वर्षं तो अशा वेळी बरोबर हाय म्हणत आला होता. त्यानं घास गिळला.

"कमी हाय," तो म्हणाला.

तिनं एक घास खाऊन बघितला. "व्हय की," म्हणाली, आणि मिठाची वाटी त्याच्याकडं सरकवली.